मळीची छत्तीस पिंपं

मत्रावीच्या ओसरीत खुंटीला एक शर्ट टांगलेला होता. मुळात पांढरा, आता छातीपासून खाली तपकिरी आणि वाळल्या कातड्यासारखा कडक. तो त्याच्या थोरल्या भावाचा, बुनासनचा. मारलेल्या माणसाचा शर्ट धुवायचा नाही आणि त्या माणसाला गावच्या कबरस्तानात न नेता आपल्याच अंगणात पुरायचं, ही त्या किनाऱ्यावरच्या मदुरी लोकांची रीत. येता-जाता दिसावं, विसर पडू नये. मेलेला सुटतो आणि मागे राहिलेल्याच्या मानेवर जू चढतं. पण ज्यांनी रीत घातली त्यांनी मागे राहिलेल्याला विचारलं होतं थोडंच.

भांडण बैलांच्या शर्यतीतलं. निशाण पडायच्या आधी कुणाची जोडी सुटली यावरून बुनासननं नावेचा मालक दुलबारी याला चारचौघांत लबाड म्हटलं. दुलबारीनं तेव्हा हूं की चूं केलं नाही. शर्यत संपल्यावर चहाच्या टपरीपाशी त्यानं बुनासनला हाक मारली, तो वळेपर्यंत थांबला आणि वाकड्या कोयत्यानं त्याचं पोट या कडेपासून त्या कडेपर्यंत उघडलं. बुनासन आतडी दोन्ही हातांनी आत ढकलत थोडा चालला, एका बाकावर बसला आणि कुणीतरी पाणी द्या म्हणाला. पाणी आलं तेव्हा प्यायला तो नव्हता. दुलबारी तुरुंगात गेला, चांगला वागला म्हणून लवकर सुटला आणि येऊन पुन्हा समोरच्या सापुदी बेटावर डिझेलची पिंपं नेऊ लागला. सरकारच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

आईच्या, मिसरातीच्या लेखी ते अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं. मत्रावीच्या पानात मक्याचा भात वाढताना ती आधी शर्टाकडे बघायची, मग त्याच्या हातांकडे. बोलायची नाही, आणि तेच जास्त लागायचं. बोलायचं काम टपरीवरची मंडळी करायची. दुलबारीला मारायचं म्हटलं तर हा आधी गुणाकार करून बघेल, असं कुणी म्हणालं की बाकीचे खिदळायचे. लाजेनं डोळे पांढरे करून जगण्यापेक्षा हाडं पांढरी झालेली बरी, ही तिथली म्हण त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटली जायची. मत्रावी चहा अर्धा टाकून उठायचा. त्याला भावाचा राग यायचा, आईचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

गुणाकाराचं खरं होतं. साखर कारखान्याच्या मागच्या आवारात मळीच्या टाक्या होत्या आणि मत्रावी तिथे कामाला होता. मळी पिंपात सोडायची, काचेची तरंगती नळी बुडवून घनता बघायची, आणि आकारमानाला घनतेनं गुणून वजन सांगायचं; कारण कारखाना मळी किलोवर विकायचा आणि एवढी जड पिंपं चढवायला आवारात काटा नव्हता. ती नळी पाण्यात गळ्यापर्यंत बुडे. मळीत मात्र अर्धी बाहेरच उभी राही. पाण्याचा लिटर एक किलोचा, मळीचा एक किलो चारशे ग्रॅमचा. म्हणजे दोनशे लिटरचं पिंप, पत्रा सोडून, दोनशे ऐंशी किलो. मत्रावीला हे काम आवडायचं. इथे कुणी त्याच्या हातांकडे बघत नसे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. सापुदीवर गवताची काडी उरली नाही आणि तिथले गुरांचे मालक सुक्या कडब्यात कालवायला मळी मागू लागले. ती नेण्याचं काम दुलबारीनं उचललं. याआधी त्यानं मळीचं एक पिंपही नेलं नव्हतं. एका सकाळी तो थेट आवारात आला, लवंगेची सिगारेट ओठात, लुंगी वर खोचलेली, आणि मत्रावीसमोर असा उभा राहिला की जणू दोघांत एखादी कोंबडी मेली असेल, भाऊ नाही.

"छत्तीस पिंपं," तो म्हणाला. "नेहमीसारखी. माझी नाव छत्तिसाची आहे."

तिथे नावा अशाच ओळखल्या जात: ही विसाची, ती छत्तिसाची. पिढी-दोन पिढ्या सगळ्यांनी पिंपातून डिझेलच नेलं होतं, म्हणून हे माप डिझेलचं आहे ही गोष्टच लोक विसरून गेले होते. मत्रावी विसरला नव्हता. डिझेलचा लिटर साडेआठशे ग्रॅमचा, पिंप एकशे सत्तर किलोचं. फरक एकशे दहा. छत्तीस पिंपांवर जवळजवळ चार टन. नेहमीच्या भारानंच त्या नावेची कड पाण्याच्या वर वीतभर राहायची, आणि मधल्या सामुद्रधुनीत दुपारनंतर कंबरभर लाटा असतात. मत्रावीला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, भाऊ मेल्यापासून पहिल्यांदा त्याला मनापासून आनंद झाला.

दुलबारीनं सवयीनं एका पिंपाला पाय लावून ते कलवायला बघितलं. पिंप जेमतेम डुललं. त्यानं सिगारेट काढली.

"जड लागतंय रे."

मत्रावी नळी पुसत होता. त्यानं वर बघितलं नाही. "दाट असते, तळाला चिकटते, म्हणून तसं वाटतं. पिंप ते पिंप, जुरागन."

नावमालकाला तिथे जुरागन म्हणतात. बुनासनच्या भावाच्या तोंडून तो मान ऐकून दुलबारी खूश झाला. त्यानं मत्रावीच्या खांद्यावर थापही मारली. "तू शहाणा आहेस," तो म्हणाला. "तुझ्या भावाकडे यातली चिमूटभर अक्कल असती तर आज बैल पळवत असता." मत्रावीनं नळी डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट दाबून लावलं. एरवी ती थाप अख्खा महिनाभर जळली असती. आज त्याला वाटलं, मार, आणखी मार.

त्या किनाऱ्यावर धक्का नाही. ओहोटीला नाव चिखलात बसते, फळ्या टाकून पिंपं लोळवत चढवतात, दोरखंडानं आवळतात आणि भरती येऊन नाव उचलेपर्यंत चहा पीत बसतात. चिखलात बसलेली नाव काही सांगत नाही. किती बुडाली ते पाणी आल्यावरच कळतं. हमालांनी त्या दिवशी मळीच्या आईचा उद्धार केला, दोघांची पाठ धरली, पण पिंपं छत्तीस मोजून चढली. मत्रावीनं शेवटचं पिंप आवाराबाहेर जाताना बघितलं आणि घरी जेवायला निघाला. ना कोयता, ना रक्त, ना तुरुंग. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

आई दारात बसून मासे साफ करत होती. त्यानं शर्टासमोर उभं राहून तिला सगळं सांगितलं, घनता, चार टन, लाटा. आणि सांगताना त्याचा आवाज वर्गात पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला. मिसरातीनं ऐकून घेतलं. खवले काढणारा तिचा हात थांबला नव्हता.

"बुडताना त्याला कळेल?" तिनं विचारलं.

"काय कळेल?"

"हे बुनासनचं म्हणून."

ती उठली आणि माशाच्या ओल्या हातानं तिनं त्याच्या थोबाडीत मारली. खवले त्याच्या गालाला चिकटले. मग दुसऱ्या गालावर. "माझा पोरगा समोरासमोर वार घेऊन मेला," ती म्हणाली. "तू केसानं गळा कापणार, आणि लोक म्हणणार, समुद्रानं घेतला. तुझं काय त्यात? आणि नावेवर दुसरं कोण आहे?"

"आस्मोनी," मत्रावी म्हणाला.

आस्मोनी दुलबारीच्या नावेचं इंजिन सांभाळायचा. शर्यतीच्या दिवशी, सगळे लांब उभे राहून बघत असताना, आपली लुंगी सोडून बुनासनच्या पोटाला बांधणारा तोच. प्रेत पाठीवर घेऊन त्यानंच घरी आणलं होतं, आणि मालकाला तोंड कसं दाखवू याची फिकीर केली नव्हती. आस्मोनी त्या नावेवर असतो हे मत्रावीला रोजच्या जेवणाइतकं ठाऊक होतं. सकाळच्या गुणाकारात तो कुठेच आला नव्हता. मिसरातीनं चुलीपुढचं लाकूड उचलून त्याच्या पाठीत घातलं, तोंडानं शिवी देत, रडत, पुन्हा घातलं. आणि तो ते खात उभा राहिला, कारण ते बरोबर होतं. मग तिनं आढ्यात खोचलेला बुनासनचा कोयता ओढून काढला.

"आधी आस्मोनीला उतरव. मग त्याच्यासमोर उभा राहा. पाठीमागून नाही."

कोयता घेऊन पळणारा माणूस त्या गावात लपत नाही. टपरीवरचे लोक चहाचे पेले टाकून उठले. निघाला, निघाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि मत्रावी किनाऱ्याला पोचला तेव्हा त्याच्यामागे निम्मं गाव होतं. भरती चढली होती. एरवी कंबरभर पाण्यात उचलणारी नाव आज छातीभर पाणी आलं तरी चिखल सोडत नव्हती. नुसता मागचा भाग उचलला होता आणि ती एका अंगाला कलली होती. त्या अंगाची कड पाण्यापासून चार बोटं राहिली होती. दुलबारी कलत्या फळ्यांवर उभा राहून हमालांना शिव्या देत होता. चिखलानं धरलंय, ढकला, म्हणत होता.

मत्रावी पोहत-चालत गेला आणि वर चढला. त्यानं आस्मोनीला उतरायला सांगितलं. आस्मोनीनं त्याच्या हातातला कोयता बघितला, दुलबारीकडे बघितलं, आणि या दोघांचं आहे, आपण मधे पडायचं नाही, असं समजून मुकाट्यानं पाण्यात उडी टाकली. दुलबारीनं बाकाखालून आपला कोयता काढला. त्याच्या चेहऱ्यावर जवळजवळ समाधान होतं.

"आलास एकदाचा," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच म्हातारा होऊन मरतो की काय."

"पंधरा पिंपं उतरव," मत्रावी म्हणाला. "नाव बुडेल. डिझेलपेक्षा मळी जड असते. सकाळी माझं चुकलं."

किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. एकाचं हसू दुसऱ्याला लागलं. कोयता घेऊन चढला आणि गणित सांगतोय! दुलबारी मात्र हसला नाही. त्याला वाटलं, हा आपली टर उडवतोय, नाहीतर ऐन वेळी याचं पाणी पाणी झालंय. आणि दोन्ही त्याला सारखंच अपमानाचं होतं. त्यानं पहिला वार केला. मत्रावीनं डावा हात आडवा घातला आणि त्याची दोन बोटं फळीवर पडली. ती तिथे पडलेली त्याला दिसली, आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या मस्तकात गेलं. त्यानं कोयता फिरवला. तो दुलबारीच्या खांद्यात हाडापर्यंत रुतला. दुलबारीनं गुडघा त्याच्या पोटात मारला, कपाळ त्याच्या नाकावर आपटलं, नाक फुटलं. दोघं एकमेकांच्या रक्तावरून घसरत होते, धापा टाकत होते, आणि मधूनच एखादी शिवी अर्धी राहत होती. दुलबारीचा पुढचा वार मत्रावीच्या कानापाशी पत्र्यावर खणाणला. मत्रावी पिंपांच्या राशीवर कोसळला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर दोरखंड आला.

तो त्यानं कापला. नाव हलकी करायला कापला की दुलबारीवर रास ढकलायला, हे नंतर त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

वरचं पिंप सुटलं आणि कललेल्या अंगाकडे लोळू लागलं. दुलबारी खालच्या बाजूला होता. बाजूला व्हायला जागा होती, वेळही होता. पण सुटलेलं पिंप दिसलं की नावेवरचा माणूस जे करतो तेच त्यानं केलं: एक पाय मागे रोवला, गुडघे वाकवले, शाबूत खांदा पुढे काढला. अशी हजार पिंपं त्यानं थोपवली होती.

"सोड," मत्रावी ओरडला. "डिझेल नाही ते!"

दुलबारीनं दात दाखवले. "पिंप ते पिंप," तो म्हणाला.

त्याचा गुडघा उलटा वळला. पिंप मांडीवरून छातीवर आलं आणि त्याला नावेच्या कडेशी चिरडून थांबलं. आतून बांबू फुटावा तसा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला. मागून दुसरं पिंप पहिल्यावर आदळलं, त्याचं बूच उडालं आणि काळी मळी दुलबारीच्या तोंडावर, उघड्या डोळ्यांवर सावकाश ओघळू लागली. तिच्यातून रक्ताचे बुडबुडे येत राहिले. तो लगेच मेला नाही. मरेपर्यंत तो त्या पिंपाकडेच बघत होता, मत्रावीकडे नाही. कड मोडली आणि बाकीची सुटी पिंपं धडाधड पाण्यात गेली. डिझेलचं पिंप पाण्यात पडलं की तरंगत किनाऱ्याला लागतं. ही दगडासारखी तळाला गेली. आणि नाव चिखलातून सुटून एकदम वर आली.

पोलीस आले, पंचनामा झाला. पहिला वार दुलबारीचा, हे निम्म्या गावानं बघितलं होतं; दोर सुटला, पिंप पडलं, असं आस्मोनीनं सांगितलं. दवाखान्यातून हाताला पट्टी बांधून मत्रावी घरी आला तर शर्ट खुंटीवर नव्हता. मिसरातीनं तो अंगणातल्या कबरीत, बुनासनच्या उशाशी पुरला होता. तिनं त्या दिवशी मुलाच्या पानात मासा वाढला आणि तो जेवेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसली. टपरीवर त्याच्यासाठी बाक झटकला जाऊ लागला. म्हातारी माणसं आधी सलाम करू लागली. मत्रावीला हे सगळं गोड लागलं, हे सांगायला हवं. आणि रात्री डोळा लागला की मळीत बुडालेले दोन डोळे दिसायचे, हेही.

गाळप संपत आलं होतं तेव्हा दुलबारीची बायको साहवानी आवारात आली. मत्रावी नळी बुडवत होता. ती आरडाओरडा करेल असं वाटून बाकीचे कामगार सरकले. ती पिंपाच्या सावलीत उभी राहिली.

"ते पिंप किती किलोचं होतं?"

"दोनशे ऐंशी."

"आणि डिझेलचं?"

"एकशे सत्तर."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "त्यांचा शर्ट अजून बादलीत आहे. मुंग्या लागतात, मी झाकून ठेवते. आस्मोनी म्हणतो अपघात. दीर म्हणतात, टांग. टांगला की माझ्या पोराला मोठा होईपर्यंत तो बघावा लागेल. तू नावेवर म्हणालास, सकाळी चुकलं. खरंच चुकलं होतं, की तुला ठाऊक होतं? एवढं सांग. धुवू की टांगू, तेवढंच विचारायला आले."

मत्रावीनं तिच्याकडे बघितलं. खरं बोलला असता तर टपरीवरचा बाक जन्मभर त्याचा होता, आणि दुलबारीच्या पोराच्या पानात रोज तो शर्ट वाढला जाणार होता. त्या पानावर बसणं काय असतं, हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आवारातले लोक कान टवकारून होते. तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"चुकलं होतं. मला गुणाकार नीट येत नाही. मळी डिझेलएवढीच असेल असं वाटलं. दुपारी लक्षात आलं म्हणून सांगायला धावलो."

"आणि कोयता?"

"तुझ्या नवऱ्याची भीती वाटत होती."

तिचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. "बरं," ती म्हणाली आणि गेली.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. बदला नव्हताच तो. हिशोब चुकला, घाबरून सांगायला गेला आणि पिंप पडलं. टपरीवरून जाताना त्याला जुनं खिदळणं ऐकू आलं, आता आणखी मोकळं. अंगणात कबरीची माती उकरलेली होती. ओसरीत खुंटीवर शर्ट होता, ओला, मातीनं भरलेला, एका बाहीला वाळवी लागलेला. आई चुलीपाशी बसली होती.

"घेतलेलं परत करून आलास," ती म्हणाली.

तो पाटावर बसला. तिनं मक्याचा भात वाढला, शर्टाकडे बघितलं, मग त्याच्या तीन बोटांच्या हाताकडे. मत्रावीनं घास घेतला. येताना दुलबारीच्या घरावरून आला होता तेव्हा तिथे दोरीवर एक शर्ट वाळत होता, आणि त्याच्याखाली दुलबारीचा पोरगा गोट्या खेळत होता.